शिकागोत ऐकलेला बाजा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी बाहेरगावच्या कोणी विदुषी येऊन बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. लोकांपुढे बसण्याची वेळ येते ती भजनाला, आणि तेव्हा पुढ्यात पेटी असते, म्हणून धीर असतो. आज पेटी नाही. पण 'तू अमेरिकेला जाऊन आलीस, चार शब्द सांग' असा सगळ्यांचा आग्रह पडला, तेव्हा सांगते.

तिथल्या उंच इमारती, रस्ते आणि दुकाने यांचे वर्णन मी करणार नाही. ते तुम्ही दूरदर्शनवर पाहता, आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी फोनवरही पाहिले आहे. शिकागो शहरातल्या एका बागेत एका दुपारी मी गाणे ऐकले, तेवढेच सांगते. त्या गाण्याला तिकडे 'ब्लूज' म्हणतात, आणि त्या मेळ्याचा म्होरक्या वाजवत होता तोंडाचा बाजा, म्हणजे आपला माउथ ऑर्गन.

मी तिकडे का गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ २०२२ साली शिकागोजवळ हृदयविकाराने अचानक गेला. त्या वेळी तुम्ही सगळ्या घरी येऊन बसलात, ते मी विसरणार नाही. भावजयीची नोकरी तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे, म्हणून ती तिथेच राहिली. पुढच्या मे महिन्यात मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. घर अगदी नीटनेटके होते. मुले वेळेवर शाळेत जात, ती वेळेवर कामावर जाई. पण त्या घरात माझ्या भावाचे नाव कोणी घेत नसे. त्याचे बूट दाराशी तसेच होते. त्यांना कोणी हात लावत नव्हते आणि त्यांच्याविषयी कोणी बोलतही नव्हते. तिला त्रास नको म्हणून मी बोलत नव्हते, आणि मला त्रास नको म्हणून ती.

शेजारी एक वयस्क कृष्णवर्णीय बाई राहत. रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. मुले त्यांना आजीच म्हणत. जून महिन्यात त्या एकदा येऊन म्हणाल्या की शनिवारी शहरातल्या बागेत गाणे आहे, तिकीट नाही, डबा घेऊन चला. माझे इंग्रजी बेताचेच. भावजयीने मला अर्थ सांगितला आणि 'ताई, तुम्ही जा, मी घरी थांबते' म्हणाली. पण त्या बाई काही ऐकेनात. शेवटी आम्ही पाचही जण आगगाडीने निघालो. मी धपाटे आणि दही बरोबर घेतले होते.

हा उत्सव शिकागोत १९८४ सालापासून भरतो आणि तो सर्वांना मोफत असतो. २०१७ पासून तो शहराच्या मध्यावर मिलेनियम पार्क नावाच्या बागेत होतो. बागेच्या पलीकडे मिशिगनचे सरोवर. सरोवर म्हणायचे एवढेच, दुसरा काठ दिसत नाही. बागेत मुख्य रंगमंच मोठा आहे, पुढे खुर्च्या आणि मागे हिरवळ. शिवाय बाजूला लहान लहान मंच असतात. लोक सतरंज्या अंथरून, घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. कोणी डबे उघडलेले, कोणाची पोरे गवतात लोळत होती. आपल्या गणपतीच्या दिवसांत चौकात कार्यक्रम असला म्हणजे जसे वातावरण असते, तसेच. आम्ही एका लहान मंचासमोर जागा धरली, कारण त्या बाईंना ऐकायचा होता तो मेळा तिथे होता.

आता ब्लूज म्हणजे काय, हे मला जेवढे समजले तेवढे सांगते. 'ब्लू' म्हणजे निळा, पण तिकडे मन उदास झाले म्हणजेही हाच शब्द वापरतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची मोठी शेती. तिथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना गुलाम म्हणून राबवत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मिळाली नाही. पुष्कळांनी मालकाची जमीन वाट्याने करायची, आणि वर्षाच्या शेवटी हिशेबात मालकाचेच देणे निघायचे. या लोकांच्या शेतातल्या हाका, देवळातली गाणी आणि दुःखे यांतून हे गाणे निघाले. पुढे १९१६ च्या सुमारापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. मिसिसिपी प्रांतातून शिकागोला सरळ आगगाडी होती. आमच्या शेजारीण बाईंचे वडील लहानपणी त्याच गाडीने आलेले. कोकणातून आणि घाटावरून माणसे गिरणीत कामाला मुंबईला गेली आणि आपली भजने नि शाहिरी बरोबर घेऊन गेली, तसेच या लोकांनी आपले गाणे शिकागोला नेले.

गाण्याची रचना मोठी साधी आहे. बहुतेक गाण्यांत एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. तीन ओळींचे मिळून बारा खंड, प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांत एक आवर्तन पुरे होते. साथीचे सूर सा, म आणि प या तीन ठिकाणांवरून फिरत राहतात. गंधार आणि निषाद हे कोमलाकडे झुकलेले, कधी कधी तर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठे तरी लागतात. ज्यांनी पेटीचे चार धडे गिरवले आहेत त्यांना हे लगेच ध्यानात येईल. आणि एक गंमत अशी, की गाणारा ओळ अर्ध्यातच संपवतो. उरलेल्या मात्रांत वाद्य उत्तर देते. माणूस बोलतो आणि बाजा 'हो बाई, खरे आहे' म्हणतो, असे ऐकताना वाटते.

आपल्या मिरजेला वाद्ये नवी नाहीत. सतारी आणि तंबोरे करणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावात माउथ ऑर्गनचे कौतुक कोण करणार? आपण तो जत्रेत पोरांना घेऊन देतो. फार तर सिनेमातला आठवतो. 'शोले' (१९७५) मध्ये अमिताभ बच्चन पायरीवर बसून वाजवतात आणि समोरच्या माडीवर ठाकूरांची विधवा सून एकेक दिवा मालवत जाते, ते कोण विसरेल? १९५८ च्या 'सोलवा साल' मध्ये देव आनंदच्या तोंडी जो बाजा आहे, तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला, तेव्हा ते अगदी तरुण होते.

पण हा बाजा आणि आपली पेटी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. दोन्ही युरोपातून आलेली, दोन्हींत पितळेच्या पातळ पट्ट्या, आणि हवा गेली की त्या थरथरून सूर निघतो. जर्मनीत मातियास होनर यांनी १८५७ साली हे बाजे करायला आरंभ केला, आणि ते स्वस्त असल्यामुळे गाडीभर अमेरिकेला गेले. ज्या गरिबाला पियानो कधी घेता येणार नाही, त्याच्या खिशात हा मावला. साध्या बाज्याला दहा भोके असतात आणि वीस पट्ट्या. एकाच भोकात फुंकले तर एक सूर निघतो आणि श्वास आत ओढला तर दुसरा.

आता खरी मौज ऐका. पेटीवर मींड निघत नाही, ही पेटीविषयी जुनी तक्रार. असल्याच कारणांनी १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली होती, ती १९७१ पर्यंत राहिली. पण तोंडाच्या बाज्यावर मींड निघते! जिभेची आणि घशाची ठेवण बदलली की सूर खाली वाकतो, आणि सोडला की वर येतो. कारखानदाराने हे योजलेच नव्हते. गरीब वाजवणाऱ्यांनी ते स्वतःच्या तोंडाने शोधून काढले. आणि हा खालच्या-मधल्या भोकांतला सूर वाकतो तो फुंकताना नव्हे, श्वास आत ओढताना. म्हणून हे लोक बाजा निवडतात तो गाण्याच्या पट्टीचा घेत नाहीत. गाण्याचा जो मध्यम, तो ज्याचा षड्ज असेल असा बाजा घेतात. मग महत्त्वाचे सूर आत ओढण्याच्या बाजूला येतात. एकेका पट्टीला एकेक बाजा लागतो, म्हणून त्या म्होरक्याजवळ बाज्यांनी भरलेली एक पेटीच होती. गाणे बदलले की तो आपली साळी काढावी तसा एक बाजा काढी, तळहातावर आपटी आणि ओठांना लावी.

ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे असावेत. उन्हाळा असून अंगात पूर्ण पोशाख, डोक्यावर टोपी. मागे दोन गिटारवाले, एक मोठ्या आवाजाचा खर्जाचा गिटारवाला, एक पियानोवाला आणि एक तरुण ढोलवाला. म्होरक्या हाताने काही दाखवत नव्हता, कारण हात बाज्यावर. पण सगळे त्याच्या खांद्यांकडे पाहत. खांदा जरा उचलला की सगळे एकदम थांबत, मान हलली की उठत. आपल्या भजनात बुवांच्या नुसत्या नजरेवर टाळ थांबतात, तशातला प्रकार.

त्याने बाजा आणि मुठीएवढा ध्वनिक्षेपक दोन्ही एकाच ओंजळीत धरले होते. ही शिकागोची तऱ्हा. तिचे श्रेय लिटल वॉल्टर नावाच्या वादकाला देतात. लुइझियाना प्रांतात १९३० साली जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून फिरत फिरत शिकागोला आला. बाजारात, रस्त्यावर वाजवू लागला. शहराच्या गोंगाटात आणि विजेच्या गिटारींपुढे एवढासा बाजा कुठे ऐकू येणार? त्याने ध्वनिक्षेपक ओंजळीत घेतला, आणि त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजाचेच सोने केले. १९५२ साली निघालेली त्याची 'ज्यूक' ही तबकडी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत आठ आठवडे पहिली होती. तिच्यात शब्द एकही नाही. नुसता बाजा! १९६८ साली, चाळिशीही न गाठता, तो वारला.

मंडळ बायकांचे आहे, तेव्हा बायकांचे सांगितले पाहिजे. कृष्णवर्णीय गायिकेने गायलेली ब्लूजची पहिली तबकडी १९२० साली निघाली, ती मेमी स्मिथ या बाईंची. ती इतकी खपली, की तबकड्या काढणारे मग अशाच गायिका शोधू लागले. मा रेनी, बेसी स्मिथ ही त्यानंतरची मोठी नावे. आणि तोंडाचा बाजा स्वतः वाजवणारी गायिकाही होऊन गेली. तिला बिग मामा थॉर्नटन म्हणत, कारण अंगाने दांडगी आणि आवाजाने त्याहून दांडगी. ती ढोलही वाजवी. तिने १९५२ साली गायलेले एक गाणे पुढे १९५६ मध्ये एल्विस प्रिस्ली यांनी गायले आणि जगभर त्यांचेच झाले. दळण एकीचे आणि भाकरी दुसऱ्याची, हे सगळीकडे चालते म्हणायचे.

पहिले गाणे ठेक्याचे होते. लोक उठून नाचू लागले. एक पांढऱ्या केसांचे जोडपे हातात हात घेऊन नाचत होते आणि कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हते. मग म्होरक्याने गाडी वाजवली. ही या बाज्यावरची जुनी करामत. डिफोर्ड बेली नावाच्या, लहानपणी पोलिओ झालेल्या वादकाने १९२७ साली आगगाडीच्या आवाजाची तबकडी काढली होती, तेव्हापासून ती प्रसिद्ध आहे. आधी इंजिन हळू सुरू होते. श्वास आत, श्वास बाहेर, आत, बाहेर. मग वेग येतो, मधेच शिट्टी होते. माझा आठ वर्षांचा भाचा उभाच राहिला. शेजारीण बाईंनी मात्र डोळे मिटून घेतले होते. त्यांना वडिलांची गाडी आठवत असेल, असे मला वाटले.

त्यानंतर आले ते संथ गाणे. त्यातले शब्द मला समजले नाहीत. भावजयीने कानाशी येऊन सांगायला सुरुवात केली, की हा माणूस म्हणतो, सकाळी उठलो, घर रिकामे आहे, तिची वस्तू जिथल्या तिथे आहे. एवढे सांगून ती थांबली. मला पुढचे सांगायची गरजही नव्हती. त्याने ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, आणि मग बाजा तोंडाला लावून श्वास आत ओढला. तो सूर वाकत वाकत खाली गेला.

भगिनींनो, बोलायला श्वास बाहेर टाकावा लागतो. पण हुंदका येतो तेव्हा श्वास आत ओढला जातो. आपण बायका हुंदका गिळतो म्हणतो ना, तो असा आत जातो आणि तिथेच राहतो. स्वयंपाकघरात, मोरीत, कुठे कोणी पाहत नसेल तिथे. हा म्हातारा माणूस हजार लोकांसमोर तोच हुंदका आत ओढत होता, आणि त्या आत जाणाऱ्या श्वासाचाच सूर होऊन बाहेर येत होता. लोक काय करत होते? कोणी कीव करत नव्हते, कोणी 'आवर आता' म्हणत नव्हते. 'हां, सांग, सांग' असे मोठ्याने म्हणत होते. शेजारीण बाईसुद्धा म्हणत होत्या. आणि गाणे संपले तेव्हा लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. म्हणजे दुःखाचे गाणे ऐकून माणसे दुःखी झाली नव्हती.

मी शेजारी पाहिले. भावजयीने माझा हात धरला होता, तो केव्हा धरला ते मला कळले नाही. ती रडत नव्हती. एकटक बाज्याकडे पाहत होती.

परतताना गाडीत मुले झोपली. मग ती आपणहून बोलू लागली. तो गेला त्या दिवशीची सगळी हकीकत तिने मला त्या गाडीत सांगितली, पहिल्यापासून. मीही त्याच्या लहानपणाच्या गोष्टी तिला सांगितल्या, आंबे चोरून झाडावरच अडकला होता ती, आणि पहिल्या पगारातून आईला साडी आणली ती. उतरायचे स्टेशन आले तेव्हा आम्ही दोघी हसत होतो. आमचे दुःख त्या दिवशी संपले असे मी म्हणणार नाही. ते संपत नसते. पण त्या दिवसापासून घरात त्याचे नाव घेतले जाऊ लागले. आठवड्याने तिने ते बूट मोठ्या मुलाला दाखवले आणि म्हणाली, तुझ्या पायाला येतील तेव्हा घाल. धाकट्याला शेजारीण बाईंनी एक बाजा दिला. तो दिवसभर गाडी वाजवून आम्हाला हैराण करीत असे.

मी हे सांगते ते परदेशाचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. आपल्याजवळ हे नव्हते असे नाही. पहाटे जात्यावर बसून बाईने काय सांगितले नाही? माहेरची आठवण, सासरचा जाच, मेलेले लेकरू, पाठीराखा भाऊ, सगळे तिने जात्याला सांगितले. समोर दुसरी बाई खुंटा धरून बसलेली असे आणि ती पुढची ओवी जोडीत असे. एक म्हणणार, दुसरी उत्तर देणार. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. विजेची चक्की आली, जाते गेले. कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. मला तर जाते ओढायला कोणी पुन्हा सांगू नये! पण जात्याबरोबर ती सांगण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदली आपण दुसरी केली नाही. आपण भेटतो तेव्हा विचारतो, 'कसं काय?' आणि म्हणतो, 'बरं आहे.'

शिकागोत बिली ब्रँच नावाचे बाजा वाजवणारे आहेत. त्यांनी १९७८ पासून शाळाशाळांत जाऊन मुलांना हे गाणे आणि त्याचा इतिहास शिकवला आहे. म्हातारी माणसे जातील तेव्हा त्यांच्याबरोबर गाणे जाऊ नये, म्हणून. आपल्या मंडळातही सत्तरी-ऐंशीच्या सहासात जणी आहेत, ज्यांना ओव्या येतात. त्या समोरच बसल्या आहेत आणि मी नाव घेईन म्हणून खाली पाहत आहेत. नाव घेत नाही.

माझे कार्यकारिणीपुढे एवढेच मागणे आहे. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी भजन झाल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. त्यात ज्येष्ठ भगिनींनी ओव्या म्हणाव्या आणि तरुण मुलींनी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून वहीत उतरवाव्या. ज्यांना ओवी येत नाही त्यांनी आपल्या मनातले साध्या शब्दांत सांगावे, आणि बाकीच्यांनी उपदेश न करता नुसते 'हां, सांग' म्हणावे. त्या खोलीत बोललेले त्या खोलीतच राहील, हा नियम असावा. पेटी धरायला मी येईन. पेटीवर मींड निघत नाही, पण सुरात सूर मिसळता येतो, आणि पहिल्या गुरुवारी पहिली मीच बोलेन.